नासलं म्हणून उकळलं

मार्थाताईचं नाव पहिले लिहा, माहं मंग. माहं नाही लिहिलं तरी चालते. कोणी विचारलं का ही गोष्ट कोणाची, तर नागपुरातल्या सदर मोहल्ल्याच्या मार्थाताईची म्हणून सांगजा, काहून का आज मी नागपुरात टिकून आहो, माही पोरगी शिकली, घरात चूल पेटते, ते सारं त्या बाईच्या पुण्याईनं आहे, अन् तिनं ते एका दिवशी केलं, एका वाक्यात केलं म्हणा ना, अन् मी बाजूले उभा राहून लटलट कापून राहिलो होतो. कापणं माह्यासाठी नवं नाही. मी जन्माचा भित्रा माणूस आहो, ते बी लिहा, लपवासारखं त्यात काही नाही.

माहं गाव तिकडे मेहकराकडे. नागपुराहून तिकडे जायाचं म्हणजे सारा दिवस यष्टीतच जाते, अन् पोहोचल्यावर लोक म्हणतात, आला का नागपूरवाला, म्हणजे तिथं बी मी परका अन् इथं बी परका. बाप लहानपणीच गेला. शाळेत चौथीपर्यंत होतो, तेही कसातरी, मास्तर पाढे विचाराले उठवत तं मले लघवीले लागे, खोटं नाही सांगून राहिलो, खरंच लागे, पोट्टे हासत. मंग मामा आला, तो इतवारीत एका मिठाईवाल्याकडे कामाले होता, तो मायले म्हणाला का याले मी घेऊन जातो, शाळेत याचं काही होत नाही. माय रडली, पण पाठवलं. मले वाटलं चला, पाढ्यातून सुटलो. तिथं गेल्यावर शेठ म्हणे, अर्ध्या शेराले इतके तं सव्वा शेराले किती, बोल. सुटका कुठं असते, सांगा.

त्या दुकानात माही अर्धी जिंदगी गेली. पहिले कढया घासल्या, मंग दुधावर आलो, मंग खव्यावर, अन् मंग संत्रा बर्फीवर, जी आमच्या नागपूरची शान आहे. शेठ कडक होता पण त्यानं मले काम शिकवलं. आता मिठाईच्या कामात खरं शिकायचं काय असते, काय सांगू तुम्हाले, साखर-बिखर कोणी बी टाकते. खरं काम म्हणजे नासू न देणं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाले मालूम आहे, दुपारी दूध नुसतं उघडं राहिलं तं फिरते. म्हणून नाक सदा जागं पाहिजे. जरासा आंबूस वास आला, जरासा फेस दिसला, का विचार करत बसाचं नाही, उचल अन् दे एक उकळी. उकळी दिली का वाचलं. हे शेठनं माह्या अंगात असं भरवलं होतं का झोपेत बी कोणी म्हटलं असतं दौलत, वास येऊन राहिला, तं मी उठून स्टोव्ह पेटवला असता. नासणं म्हणजे माह्यासाठी साप होता साप.

मंग शेठ वारला. पोरांच्या वाटण्या झाल्या, दुकानाच्या मधात भिंत आली, एका बाजूले टेरिलीनचं कापड अन् दुसऱ्या बाजूले रेडिओ. मिठाईले जागाच नाही राहिली. मी चाळिशी पार केलेला माणूस, दुसरं काही येत नाही. सीताबर्डी पाह्यली, महाल पाह्यला, धरमपेठेत एका नव्या दुकानात गेलो तं गल्ल्यावरचा पोट्टा मोठ्या अदबीनं म्हणतो, आमच्याकडे कारागीर आहेत काका. काका. तोपर्यंत मले कोणी काका म्हटलं नव्हतं. मी त्या शब्दाले असा भ्यालो का घरी येऊन आरशात पाहत बसलो. माह्या बायकोनं, गिरजानं, विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, म्हातारा झालो.

मोठी गोष्ट ही होती का गावाले परत जाता येत नव्हतं. तिथं घर भावाचं, वावर नाही, अन् माही पोरगी शकू इथं आठवीत होती. आमच्या घरात आठवीत गेलेली ती पहिली. मी चौथीत सुटलो, गिरजानं तं शाळा बाहेरूनच पाह्यली. शकू संध्याकाळी कंदिलापाशी बसून मोठ्यानं वाचे अन् आम्ही दोघं ऐकत राहो, समजे काहीच नाही. गावाले गेलो असतो तं हे वाचणं बंद. हे एवढंच मले नको होतं, बाकी उपाशी बी राहिलो असतो.

अन् मंग मार्थाताई भेटली. भेटली म्हणजे वळख होतीच, दरवर्षी नाताळाच्या आधी ती दुकानात खवा घ्याले ये, अन् वास घेऊन, बोटानं दाबून, चार नावं ठेवून मंग घे. जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा का गल्लीच्या टोकाले ऐकू जाय. नवरा रेल्वेत होता, तो गेलेला, लेकरू नाही. सदरले चर्चच्या मागच्या बाजूले एका खोलीत राहे. ती मले बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला पाहून म्हणते, काहून गा दौलतभाऊ, असं तोंड काहून करून बसला, कोणी मेलं का घरात. म्हटलं ताई, दुकान मेलं. तं ती हासली ना, खदाखदा हासली, अन् मले राग याच्याऐवजी बरं वाटलं. मंग म्हणते, चाल माह्यासंगं, आमच्या साहेबाले सफाईचा माणूस पाहिजे, तुह्यी नखं मी इतके वर्षं पाहून राहिली, तू चालशील.

कारखाना म्हणजे सदरच्या मागं एक जुनं गोडाऊन होतं. साहेबाचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा, स्वतः शेतकीचं शिकलेले, बोलणं एकदम हळू. मार्थाताई अन् आणखी काही बाया दिवसभर ओळीनं बसून संत्री सोलत, फोडीवरचा पांढरा धागा काढत, बी काढत, नाही तं रस कडू होते. मले काम काय, तं रस गाळायचा, बरण्या, पिपं, टाक्या धुवाच्या. म्हटलं हे तं जमते. मंग विचारलं, रसाचं पुढं काय करता, शरबत का. ती म्हणाली, वाईन.

आता त्या टायमाले नागपुरात वाईन म्हणजे काय हे कोणाले मालूम होतं सांगा. दारूबंदी नुकती ढिली झालती, परमिटवाल्याले भेटे. अन् देशी दारूच्या बाटलीवर संत्र्याचं चित्र राहे, म्हणून पिणारे तिले संत्राच म्हणत. मी घरी येऊन गिरजाले सांगतलं का नोकरी लागली, संत्र्याची वाईन करतात, तं ती म्हणते, म्हणजे संत्राच ना. म्हटलं नाही वं, ते वेगळं. म्हणे वेगळं काय, तेही संत्रा अन् हेही संत्रा, आजवर लोकायच्या लेकरायले बर्फी चारली, आता बापायले संत्रा पाजा. मंग थोड्या वेळानं म्हणाली, पण शकूची शाळा राहते ना. म्हटलं राहते. तं म्हणे जा मंग, पण येऊन बाहेरच आंघोळ करजा, मंग घरात याचं. ते मी आजही करतो.

साहेबानं सांगतलं होतं का एक हंगाम पाहू, जमलं तं राहा, नाही तं तू तुह्या रस्त्यानं. तो एक हंगाम मी जसा काढला तसा दुश्मनानंही काढू नये. कोणती कोणती भीती सांगू तुम्हाले. पहिली भीती खाकीची. एक्साईजचा एक साहेब ये, कुलूप-सील त्याच्या हातात, त्याच्या परवानगीबिगर गेटाबाहेर एक थेंब गेला तं लायसन्स जाय. त्याच्या बुटाचा आवाज आला का माह्या हातातली बरणी वाजाले लागे. पुढं पुढं तं कोणताही खाकीवाला पाहून तसं होत होतं, एकदा पोस्टमन आला तं मी टाकीमागं जाऊन उभा राहिलो, अन् मार्थाताई तिकडून ओरडते, ये गा बाहेर, तुह्यावर वारंट नाही आलं, साहेबाची मनीऑर्डर आहे. दुसरी भीती त्या टाकीची. साहेबानं मले टाकीपाशी नेऊन काडी पेटवून आत धरून दाखवली, रसाच्या वर हवेतच ती फक्कन विझली, फुंकर नाही काही नाही. साहेब म्हणाले, आंबताना याच्यातून जी हवा निघते तिच्यात जीव राहत नाही, आत डोकं घालायचं नाही. मी त्या दिवसापासून टाकीपासून असा दुरून चालत होतो जसं विहिरीपासून लहान लेकरू चालते. अन् तिसरी भीती वासाची. सारं गोडाऊन आंबूस. ज्या वासाले मी जिंदगीभर घाबरलो त्याच वासात मले दिवसभर उभं राहाचं, अन् तो आला का लोक खुश. मले समजेच ना. आतून वाटे, दौलत, नासून राहिलं, काहीतरी कर.

अन् मी केलं.

झालं असं का नाताळाच्या आधीचे दिवस, संत्र्याचा मोठा हंगाम, पिपं नव्या रसानं भरून तयार. साहेब पुण्याहून एक काचेची नळी घेऊन आलते, शर्टाच्या खिशात, वरून हात ठेवून, जसं कोणी पाखराचं पिल्लू आणते. त्यायनं स्वतः रस पातेल्यात उकळला, चांगला थंड होऊ दिला, बरणीत ओतला, मंग ती नळी त्याच्यात रिकामी केली, वरून धुतलेलं फडकं बांधलं. अन् मले म्हणाले, दौलत, हे कल्चर आहे, हे सांभाळ, याच्यावर आपला सारा हंगाम आहे, मी बगीच्यात जाऊन येतो. मी हाव म्हटलं. कल्चर म्हणजे काय हे विचाराची हिंमत माह्यात नव्हती. मले वाटलं काही औषध असेल, रस टिकावा म्हणून टाकलं असेल. एवढंच डोक्यात राहिलं का सांभाळायचं आहे, अन् सांभाळणं म्हणजे काय हे मले शेठनं शिकवलेलं होतं.

पहिल्या दिवशी काही नाही. बरणी शांत, मीही शांत. दुसऱ्या दिवशी बी ठीक होतं, संध्याकाळी बाया गेल्या, मी कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहतो तं फडकं फुगून टोपीसारखं वर आलेलं, बाजूनं फेस वाहून राहिला, आत फसफस आवाज, अन् वास असा का नाकाले झिणझिण्या. म्हटलं गेलं. साहेबानं सारा हंगाम माह्या हातात दिला अन् तो नासला. आता मले सांगा, तुम्ही माह्या जागी असते तं काय करते. साहेबानं स्वतः तोच रस उकळलेला मी माह्या डोळ्यानं पाह्यलेला होता. मी धावत जाऊन स्टोव्ह पेटवला, सारी बरणी पातेल्यात रिकामी केली, अन् दिली उकळी, चांगली खळखळून, वर आलेला फेस काढून टाकला. बरणी सोड्याच्या गरम पाण्यानं घासली, आतून बाहेरून. फडकं बी उकळून वाळत घातलं. मंग रस थंड करून पुन्हा बरणीत भरला, तोंड बांधलं, कान लावून पाह्यला तं एकदम शांत. मले एवढं बरं वाटलं, तुम्हाले काय सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मले वाटलं का मी या जागी कामाचा माणूस आहो.

दुपारी साहेब आले. संगं एक्साईजचा साहेब होता, पिपायचं माप घ्याले. बाया सोलत बसल्या होत्या. मी आपणहून पुढं गेलो, जो मी कधी जात नाही, अन् म्हटलं, साहेब, सकाळी बरणी नासून राहिली होती, मी येळेवर पोहोचलो म्हणून, नाही तं सारंच गेलं असतं, उकळून वाचवली.

साहेबाचा चेहरा एकदम उतरला. ते रागावले नाहीत. रागावले असते तं बरं झालं असतं. त्यायनं फडकं सोडून बरणीत पाह्यलं, बरणीच्या पोटाले हात लावून पाह्यला, जसा तापातल्या लेकराले लावतात. मंग उलट्या खोक्यावर बसले अन् विचारलं, किती उकळलं. म्हटलं चांगलं खळखळून. म्हणे, थोडं कुठं उरलं आहे का, फडक्याले, पातेल्याले. म्हटलं नाही साहेब, सारं घासून काढलं, तुम्ही पाहा ना, कुठंच काही ठेवलं नाही. मंग ते हळूच म्हणाले, दौलत, ते जिवंत होतं.

मले अजूनही समजेना. तिकडून मार्थाताईचा आवाज आला, अरे बह्याडा, ते विरजण होतं. तवा समजलं. विरजण. हा एक शब्द मले कोणी आधी सांगतला असता तं. ज्यानं जिंदगीभर दह्याले विरजण लावलं त्यानं विरजणच उकळून मारलं. दुसरी नळी नव्हती. पुण्याहून आणाची म्हणजे पत्र, वाट पाहणं, तोवर पिपायतला रस आपल्या मनानं सडला असता, सिरका तरी झाला असता नाही तं घाण. साहेबानं बगीच्यावरच्या लोकायले काय सांगाचं, लायसन्सवाल्यायले काय दाखवाचं, तेही पहिलंच मोठं वर्ष. साहेब उठले अन् म्हणाले, तुहा दोष नाही, पण दौलत, तू आता घरी जाय. अन् मले समजलं का हे आजच्यापुरतं नाही. मले डोळ्यापुढं शकूचं दप्तर दिसलं अन् मेहकरची यष्टी दिसली. मी चपला पाहाले लागलो, तं चपला दिसेनात.

तेवढ्यात मार्थाताई उठली. मांडीवरची सारी सालं खाली सांडली. ती म्हणाली, साहेब, माह्या घरी आहे ते, अर्धा पेला.

एक्साईजचा साहेब पिपापाशी उभा होता, त्यानं मान वळवली. तिले तो दिसत होता, तिच्या समोरच होता, तरी ती बोलली. तिनं सांगतलं का काल संध्याकाळी फडक्याखाली जरासा फेस धरलेला दिसला, तिची आजी शिंदीचा आंबलेला रस टाकून पाव फुगवे, तिले वाटलं नाताळाच्या गोड पावाले हे चालते का पाहावं, म्हणून डब्यात पेलाभर काढून पदराखाली नेला. अर्धा पिठात टाकला, अर्धा तसाच आहे, झाकून. पीठ फुगून परातीबाहेर आलं म्हणाली, म्हणजे जिवंत आहे. हे सांगताना बी तिचा आवाज तसाच मोठा होता, जराही कमी नाही.

साहेबानं एकच विचारलं, घर किती दूर आहे. पण एक्साईजवाला पुढं आला. त्यानं विचारलं, म्हणजे गेटाबाहेर माल नेला. ती म्हणाली, नेला. आधी बी नेला का. ती म्हणे, नाही, पण तुम्ही काहून माह्यावर भरोसा ठेवाल. तो साहेबाले म्हणाला, मी हे पाह्यलं नाही असं मले म्हणता येत नाही, कागद करतो तं तुमचं लायसन्स अडकते, नाही करत तं ही बाई आजपासून गेटाच्या आत दिसली नाही पाहिजे, बोला. साहेब तिच्याकडे पाहाले लागले. मंग त्यायनं मान खाली घातली. मी समजलो का काय होऊन राहिलं, अन् कशी माहीत नाही, माही जीभ उचलली. म्हटलं, साहेब, नासवलं मी, मले काढा, तिले राहू द्या, ती इथं माह्या आधीपासून आहे. खाकीवाला म्हणाला, तुले कोणी विचारलं.

अन् मार्थाताई माह्याकडे वळली. तू चूप राह्य गा दौलतभाऊ. तुह्या पोरीची शाळा आहे. माह्या मागं कोण आहे.

बस, एवढंच. मंग तिनं हात धुतले, पदर खोचला अन् म्हणाली, चाल, पेला घेऊन येऊ, नाही तं तोही मरन.

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. परातीतलं पीठ खरंच बाहेर येऊन चौरंगावर उतरलं होतं. तिनं तो पेला माह्या हातात दिला, वरून बशी झाकली. मंग आम्ही सदरच्या रस्त्यानं परत, ती पुढं, मी मागं, नजर पेल्यावर. सायकली, टांगे, शाळा सुटलेली, पोरं अंगावर येऊन राहिली, अन् ती पुढून ओरडे, हटा रे, दवा आहे, पेशंट सीरियस आहे. लोक हटत. माह्या डोळ्याले धार लागली होती अन् पुसाले हात रिकामा नव्हता. गेटापाशी आलो तं ती थांबली. मी म्हटलं ताई, चाल. ती म्हणाली, मले कुठं आत याचं आहे आता. जाय तू, सांडू नको. मी आत गेलो अन् मागं वळून पाह्यलं तं ती घराकडे चालली होती, पिठाची काळजी होती तिले.

साहेबानं पुन्हा रस उकळला, थंड केला, तो अर्धा पेला त्याच्यात सोडला. मी बरणीपाशी बसलो. साहेबानं पुन्हा घरी जाय म्हटलं नाही अन् राह्य बी म्हटलं नाही. घरी गिरजाले काही सांगतलं नाही, शकू वाचत होती, मी भिंतीकडे तोंड करून पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी शांत. दुपारी शांत. थंडी होती म्हणून आम्ही तिले गोणपाट गुंडाळलं, साहेबानं आपली शाल बी टाकली. मी देवाले म्हटलं, आजवर तुले मागत होतो का नासू देऊ नको, आज नासू दे बाप्पा, एवढ्या वेळेस नासू दे. मंग ऊन कलल्यावर कान लावला तं आत कुठंतरी, लय दूर, जसं कोणी ओठातल्या ओठात पुटपुटते तसं. मले भास वाटला. साहेबाले बोलावलं. त्यायनं चष्मा काढून कान लावला, तसेच बसून राहिले बराच वेळ. मंग उठून म्हणाले, उद्या येळेवर ये.

त्या हंगामाची वाईन झाली. चर्चवाल्यायनं घेतली, दोन-तीन हॉटेलवाल्यायनं घेतली. मी राहिलो. शकू मॅट्रिक झाली, पुढं नर्सिंग केलं, आता तिले तिच्या ड्यूटीत बोलाले फुरसत नाही. अन् मार्थाताई एका होस्टेलात पोळ्या लाटाले लागली, उभ्यानं, शेगडीपाशी, त्या वयात. मी दर हंगामात साहेबाले म्हटलं, साहेबानंही पुढं त्या खाकीवाल्याची बदली झाल्यावर तिले निरोप पाठवला, पण तोवर तिचे गुडघे गेलते, ओळीत मांडी घालून बसणं तिच्यानं होत नव्हतं. ती म्हणे, बरं झालं गा, संत्र्यानं बोटं पिवळी होत, लग्न नसतं जमलं माहं.

आता साहेब थकले. त्यायचा पोरगा म्हणते इथं काही राहिलं नाही, गोडाऊन विकून टाकू, बुटीबोरीकडे नवीन कारखाने येऊन राहिले, तिकडं काही दुसरं पाहू. पाहू द्या. मी आता टाकी चाखून पाहतो अन् थुंकतो, गिरजाले मालूम आहे, ती काही म्हणत नाही. पण बरणीत विरजण टाकलं का दोन रात्री मले जेवण जात नाही, आजही नाही. भीती गेली नाही माही, मी तिच्यासंगं राहाले शिकलो.

रविवारी मी मार्थाताईकडे जातो. एका डोळ्यानं दिसत नाही तिले. मी किती खेपा म्हटलं, ताई, मी तुह्यं काय करू, कसं फेडू, तं ती विषय बदलवे. मागच्या महिन्यात मात्र तिनंच काढला. म्हणाली, मले एकच काम आहे तुह्याकडे. मी गेल्यावर पेटीले खांदा द्याले माहं कोणी नाही, पाद्री माणसं देतीन पण ते परके. तू येशील का. मी म्हटलं, येईन. ती म्हणे, तुह्ये हात कापतात, पाडशील मले सदरच्या रस्त्यावर. अन् हासली, तशीच, खदाखदा.

मी नाही पाडणार, ताई. हे तुम्ही असंच लिहा, तिले वाचून दाखवीन. तिचं देणं मी एक दिवस खांद्यावर घेऊन फेडीन, माह्या गावाची यष्टी सोडून येईन, हंगाम सोडून येईन. पण देवानं तो दिवस लांबवावा. हे एक देणं फेडाची मले काही घाई नाही.